चुन्याची डबी: गांधीलमाशी ते विंचू

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. सामानात औषधं असतील-नसतील, पण कुणाच्या ना कुणाच्या खिशात तंबाखूबरोबर चुन्याची डबी असतेच. फडात गांधीलमाशी चावली की तोच चुना लावायचा. मुंगळा चावला तरी चुना, आणि विंचू चावला तरी चुनाच. आपल्या बोलण्यात डास, माशी आणि विंचू तिघंही ‘चावतात’, त्यामुळे उपायही एकच चालेल असं वाटतं. आज बोलायचंय ते याच वाटण्याबद्दल.

आधी साधी खाज घेऊ. डास रक्त पिताना आपली लाळ त्वचेत सोडतो. शरीर ती परकी म्हणून ओळखतं आणि त्वचेतल्या काही पेशी हिस्टामीन नावाचं रसायन बाहेर टाकतात. १९१० मध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी हिस्टामीनचे शरीरावरचे परिणाम तपासले. पुढे थॉमस लुईस यांनी त्वचेला इजा झाल्यावर काय होतं ते टप्प्याटप्प्याने पाहिलं: आधी लाली, मग तिच्याभोवती पसरणारी लाली, मग फुगवटा. १९२७ मध्ये त्यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातल्या फुगवट्याला आपण ‘गांध उठली’ म्हणतो.

अशी गांध साधारण वीस मिनिटांत पुरती फुगते आणि मग आपोआप बसायला लागते. आता तुम्हीच हिशेब करा. खाज असह्य झाली की आपण उठतो, डबी शोधतो, चुना लावतो. तोवर गांध उतरणीला लागलेली असते. श्रेय मात्र चुन्याला जातं. चुन्याऐवजी कांदा चोळला असता, तर ते कांद्याला मिळालं असतं.

‘पण चुना अल्कली आहे, तो आम्ल मारतो ना?’ असं तुम्ही विचाराल. रसायनशास्त्रात एमएस्सी करेपर्यंत मीही हेच म्हणायचे. या समजुतीलाही इतिहास आहे. १६७१ मध्ये जॉन रे यांनी मुंग्यांपासून मिळणाऱ्या आम्लाची नोंद केली. मुंगीच्या लॅटिन नावावरून पुढे त्याला फॉर्मिक आम्ल म्हणू लागले. तिथून ‘मुंगी चावली की सोडा लावा’ हे वाक्य शाळेच्या पुस्तकांत येऊन बसलं. पण मधमाशीच्या विषात मुख्य भाग असतो मेलिटिन या पेप्टाइडचा. शिवाय विष जातं त्वचेच्या आत आणि चुना बसतो वर. दोघांची गाठच पडत नाही. उलट चुना जास्त लागला तर कातडी भाजते, डोळ्यात गेला तर डोळ्यालाच धोका.

मग सगळेच घरगुती उपाय फोल का? तसं नाही. गार पाण्याची पट्टी, थंड लोखंडी वस्तू किंवा पुदिन्याच्या अर्काचा बाम यांनी खरंच बरं वाटतं. मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. गारव्याची संवेदना पुढे गेली की खाजेची दबते. १८९३ मध्ये मुंबईत सुरू झालेलं अमृतांजन घरोघरी टिकलं, त्यात या गारव्याचाही वाटा असणार.

खाजेच्या बाबतीत चुकीच्या उपायाची किंमत फार तर अर्धा तास. विंचवाच्या बाबतीत ती जिवावर बेतते.

संत एकनाथांचं विंचवाचं भारूड तुम्ही ऐकलं असेल. बीडच्या सीमेला लागून असलेल्या पैठणचे नाथ कामक्रोधाला विंचू म्हणतात आणि त्यावर सत्त्वाचा उतारा सांगतात. श्रोत्यांना विंचवाचा ठणका आणि उतारा दोन्ही घरचे, म्हणूनच ते रूपक लगेच पोचतं. आपल्याकडे मंत्राने विंचू उतरवणारेही गावोगावी होते. बऱ्याच विंचवांचं विष फक्त ठणका देऊन ओसरतं, त्यामुळे मंत्र आणि चुना दोन्ही यशस्वी ठरायचे.

लाल विंचवाचं मात्र तसं नाही. त्याचं विष मज्जातंतूंना इतकं चेतवतं की शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. हे नीट टिपलं आपल्याच मराठवाड्यातल्या एका डॉक्टरने. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाड भागात काम करत होते. विंचू चावलेल्या रुग्णांजवळ बसून त्यांनी नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये धोक्याच्या आधीची लक्षणं त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी गोळी इथे उपयोगी पडते, हे १९८६ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्याच नियतकालिकात लिहिलं. आधी गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

गोळी तेव्हा बाजारात होतीच. कमी होती ती ‘चुना लावल्यावर बरे झाले किती आणि मेले किती’ हे मोजण्याची सवय.

म्हणून गांधीलमाशीला चुना लावणाऱ्या आजोबांशी वाद घालू नका. गार पाण्याचं फडकं पुढे करा. पण चेहरा सुजला, श्वास कोंडला, किंवा विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं असं काही दिसलं, तर थांबू नका. खरं तर विंचू चावला की लक्षणांची वाट न पाहताच जवळचं आरोग्य केंद्र गाठा, पोर लहान असेल तर नक्कीच. ठणका कमी झाला म्हणजे विष उतरलं असं नसतं.