गोंदण : देहावरचा न उतरणारा दागिना

नागपूर-रायपूर रस्त्यावरील लाखनीच्या आठवडी बाजारांत एखादी वृद्ध स्त्री भाजीची पाटी पुढें घेऊन बसलेली दिसते. कपाळीं हिरवट ठिपका, हनुवटीवर दुसरा, आणि मनगटापासून कोपरापर्यंत बिंदूंची वेल. शेजारीं महाविद्यालयांत जाणारी नात असते. तिचा हात कोरा. या दोन हातांमध्यें झाडीपट्टीच्या शंभर वर्षांचा इतिहास सामावलेला आहे.

भंडारा जिल्हा मध्यप्रांतांत होता तेव्हां, 1916 सालीं, रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं त्या प्रांतांतील जातिजमातींविषयीं चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत गोंड स्त्रियांच्या गोंदणाची सविस्तर नोंद आहे. हें काम बहुधा ओझा जमातीच्या स्त्रिया करीत. दिव्याची काजळी तेलांत खलावयाची, सुयांची जुडी तींत बुडवून कातडीवर टोचावयाची, वरून हळद चोळावयाची. काजळी काळीच, परंतु कातडीखालीं गेली म्हणजे ती निळसर-हिरवी दिसूं लागते.

त्यामागील श्रद्धा मोठी अर्थपूर्ण होती. सोनें-नाणें मृत्यूनंतर घरींच राहतें; गोंदण तेवढें देहाबरोबर जातें. ज्या घरांतील चांदीच्या पाटल्या 1896-97 च्या आणि पुन्हां 1899-1900 च्या दुष्काळासारख्या प्रसंगीं सावकाराच्या पेटींत जात, तेथें ही श्रद्धा केवळ परलोकाची गोष्ट नव्हती. गहाण पडूं न शकणारा असा हा एकच दागिना होता, आणि तो धारण करण्यास देहापलीकडे कसलीही संपत्ति लागत नसे.

ही चाल आपल्याकडचीच असेंही नाहीं. कप्तान कुकचें जहाज 1769 मध्यें ताहिती बेटास लागलें, आणि तेथील शब्दावरूनच इंग्रजीत ‘टॅटू’ हा शब्द रूढ झाला. 1991 सालीं आल्प्सच्या बर्फांत सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींच्या पुरुषाचें शव सांपडलें. त्यावर गोंदणाच्या 61 खुणा मोजल्या गेल्या. पुष्कळशा खुणा कंबर, गुडघे व घोटे यांच्या आसपास असल्यामुळें त्या दुखण्यावरील उपाय असाव्यात, असें कित्येक संशोधकांस वाटतें. दुखऱ्या सांध्यावर गोंदून घेणाऱ्या आपल्याकडील म्हाताऱ्यांस त्यांत नवल वाटणार नाहीं.

पुढें शाळा आल्या, शहरें जवळ आलीं, आणि हीच वेल अडाणीपणाची खूण ठरली. लग्नकार्यांत शहरी पाहुण्यांपुढें पदर मनगटापर्यंत ओढून घेण्याची पाळी आजीवर आली. मौज अशी कीं, त्याच शहरांतील तरुण आतां काचेच्या दुकानांत हजारों रुपये देऊन दंड टोचून घेतात! भारतीय सेनेच्या भरतींतही आदिवासी उमेदवारांस रूढीनुसार असलेल्या गोंदणाबाबत सवलत दिली जाते. ज्याची लाज शिकविली गेली, त्याची दखल सरकारनें घेतली.

तथापि जुन्या चालीचें नुसतें गुणगान करणें बरोबर नव्हे. आठ-दहा वर्षांच्या पोरीला चार बायका धरून ठेवीत. तिची संमति कोणी विचारीत नसे. एकच सुई अनेकींच्या अंगीं फिरे, आणि तीमधून कावीळ किंवा एड्स यांसारखे रोग पसरूं शकतात, हें आज आपण जाणतों. म्हणून नातीनें आपला हात कोरा ठेवला, तर त्यांत आजीचा अपमान नाहीं. अपमान आहे तो आजीला ती वेल लपवावयास लावण्यांत. कातडीबरोबर जन्म काढलेली ती खूण लेसर किरणांनींही एका बैठकींत जात नाहीं, आणि आजीनें ती काढावी तरी कां?

त्या नक्षीचा अर्थ नातीला विचारावा, तर ‘फुलं’ एवढेंच उत्तर मिळतें. आजी मात्र सुरकुतलेल्या कातडीवर बोट ठेवून एकेक ओळखून सांगते : हा विंचू, ही फणी, ही तुळस, आणि ही कोपराजवळची सीतेची रसोई.