शैक्षणिक मानसशास्त्रात पीएच.डी. : आधी विद्याशाखा ठरवा

मूल शिकते कसे आणि एखादे मूल मागे का पडते, या प्रश्नांचा शास्त्रशुद्ध शोध घेणारी शाखा म्हणजे शैक्षणिक मानसशास्त्र. बी.एड.च्या वर्गात प्रत्येकाने हा विषय अभ्यासलेला असतो. पण 'नेट'च्या विषयसूचीत तो स्वतंत्रपणे आढळत नाही. शिक्षणशास्त्र किंवा मानसशास्त्र, यांपैकी एका शाखेतूनच या संशोधनाकडे वळावे लागते. एम.एड. झालेल्यांना पहिला, एम.ए. मानसशास्त्र झालेल्यांना दुसरा मार्ग सोयीचा.

एकेकाळी खान्देशातील संशोधकाला पुणे विद्यापीठाकडे पाहावे लागे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीस ५५ टक्के गुण आवश्यक असून राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. कालावधी किमान तीन, कमाल सहा वर्षे; महिलांना दोन वर्षांची वाढीव मुदत मिळू शकते. नोकरदार शिक्षकांना संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्धवेळ संशोधन करता येते. दूरशिक्षणाने मात्र पीएच.डी. होत नाही, तशी जाहिरात दिसल्यास सावध राहावे. प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा, तर सहायक प्राध्यापकास चारच संशोधक घेता येतात. त्यामुळे पात्र ठरूनही मार्गदर्शकाअभावी थांबण्याची वेळ येऊ शकते. अर्जापूर्वीच रिक्त जागांची चौकशी केलेली बरी.

खरी कसोटी विषयनिवडीत लागते. 'अमुक तालुक्यातील विद्यार्थ्यांच्या चिंतेचा अभ्यास' असे शीर्षक घेऊन तयार प्रश्नावली भरून आणणे सोपे असते. खान्देशात त्याहून निकडीचा प्रश्न समोर आहे. घरी अहिराणी, भिली वा पावरी बोलणारे मूल प्रमाण मराठीतील चाचणी सोडवते, तेव्हा कमी पडलेले गुण बुद्धीचे की भाषेचे? बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी स्वातंत्र्यापूर्वीच केले होते. बोलीभाषक मुलांसाठी तसे करायचे, तर नुसते भाषांतर पुरत नाही. विश्वसनीयता, सप्रमाणता आणि मानके नव्याने सिद्ध करावी लागतात. त्यासाठी सातपुड्यातील आश्रमशाळांपर्यंत जाऊन पुरेसा नमुना गोळा करावा लागतो. सहा वर्षांची मुदत अशा कामाला फार मोठी नाही.