शेव्हरोले एल कामिनो
शेव्हरोले एल कामिनो ही अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीची, प्रवासी मोटारीवर आधारित पिकअप गाडी होती. पुढून ती मोटारीसारखी दिसे. मागे मालासाठी उघडा हौदा असे. फोर्डच्या रँचेरोला उत्तर म्हणून ती १९५९ मध्ये बाजारात आली, मात्र १९६० नंतर तिचे उत्पादन थांबले. शेव्हेल मोटारीवर बेतलेली नवी एल कामिनो १९६४ मध्ये आली आणि एल कामिनोचे उत्पादन १९८७ पर्यंत सुरू राहिले.

१९७० च्या ‘एसएस ४५४’ प्रकारात ७.४ लिटरचे व्ही८ इंजिन होते. त्यातील एलएस६ इंजिनाची शक्ती ४५० अश्वशक्ती होती. जुन्या गाड्यांच्या बाजारात या प्रकाराला मोठी किंमत मिळत असल्याने साध्या गाडीवर एसएसची चिन्हे लावून ती विकली जाण्याचे प्रकारही घडतात. १९७० च्या गाडीच्या केवळ ओळख क्रमांकावरून ती मूळची एसएस आहे की नाही, हे कळत नाही. त्यासाठी कारखान्याची मूळ कागदपत्रे तपासावी लागतात.