अमर शेख : गिरणी कामगार ते लोकशाहीर

शाहीर अमर शेख (२० ऑक्टोबर १९१६ – २९ ऑगस्ट १९६९) हे मराठी कवी, गायक आणि अभिनेते होते. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे गरीब घरात त्यांचा जन्म झाला. पोटासाठी त्यांनी बसवर क्लीनरचे आणि गिरणीत कामगाराचे काम केले. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत आले.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. जुन्या शाहिरीत राजे आणि लढाया होत्या. या नव्या शाहिरीत संप, महागाई आणि कामगार वस्ती आली. डफ-तुणतुणे मात्र तेच राहिले, म्हणून अक्षरओळख नसलेल्यांपर्यंतही विचार पोहोचला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज गावोगावच्या सभांत घुमला.

‘महात्मा फुले’ (१९५४) आणि ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. ‘कलश’ व ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह. सभेतला आवाज सभेबरोबर विरतो. त्यांची छापील कविता आजही वाचता येते. कवयित्री मलिका अमर शेख या त्यांच्या कन्या.