खाडीपलीकडची वीज : वसई-विरारच्या तारांचा इतिहास

१/ वसई म्हटले की १७३९ आणि चिमाजी अप्पा आठवतात. पण मित्रहो, वसईच्या खाडीवर विसाव्या शतकात आणखी एक सीमा आखली गेली, ती विजेच्या तारांची. घरोघरी बसणाऱ्या स्मार्ट मीटरचा आजचा वाद समजून घ्यायचा असेल, तर या सीमेचा इतिहास पाहावा लागतो.

२/ १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. बीबीसीआय रेल्वेची विजेवरची गाडी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत धावू लागली. मात्र गाडीच्या तारेतील वीज गाडीपुरतीच होती. घरात दिवा लागायचा तर उपकेंद्र, रोहित्र, खांब आणि मीटर अशी निराळी साखळी उभी करावी लागते.

३/ ही साखळी गावोगावी नेण्याचे काम १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाकडे आले. १९६९ मध्ये वसईच्या उत्तरेस, तारापूरला, देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. त्याची वीज महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात वाटली गेली. वीज शेजारी निर्माण झाली, म्हणून ती शेजाऱ्याला आधी मिळत नाही. ती राज्याच्या जाळ्यात मिसळते आणि टंचाईत कोणाला किती मिळावी, हे दूरच्या कार्यालयात ठरते.

४/ २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली. तो काळ तीव्र वीजटंचाईचा होता. खाडीच्या दक्षिणेस टाटा, बेस्ट आणि रिलायन्स यांच्या क्षेत्रातील मुंबईकर भारनियमनापासून बहुतांशी बचावले. उत्तरेस वसई-विरार महावितरणच्या क्षेत्रात होते. लोकल गाडी तीच, माणसेही तीच. पण खाडीपूल ओलांडला की विजेचे वेळापत्रक बदलत असे. २००९ मध्ये येथे महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर गेली. विजेची मागणीही त्याच वेगाने वाढली.

५/ भारनियमन कोणाच्या वाट्याला किती येणार? महावितरणने वीजगळती आणि बिलवसुली पाहून गट पाडले. जेथे गळती अधिक, तेथे अंधार अधिक. या न्यायात एक मोठी उणीव होती. जुन्या जाळ्याला फीडरपर्यंतच दिसत असे. त्याच्या पुढे कोण आकडा टाकतो आणि कोण नियमित बिल भरतो, हे उपकेंद्रातून कळत नसे. त्यामुळे शिक्षा संपूर्ण वस्तीला होई.

६/ स्मार्ट ग्रिडचा गाभा येथेच आहे. यात तारांबरोबर माहितीही दोन्ही दिशांनी वाहते. मीटर ठरावीक वेळाने वापराची नोंद पाठवतो. रोहित्रावरील मीटरशी घरांच्या मीटरची बेरीज ताडून पाहिली की गळती कोठे आहे, ते उमगते. बिघाड झालेला भाग वेगळा काढून उरलेल्या भागाचा पुरवठा चालू ठेवता येतो. जुलै २०१८ च्या पुरात अंधारात बसलेल्या वसईकरांना याचे मोल सांगावे लागणार नाही.

७/ हा प्रश्न केवळ आपला नाही. दक्षिण आफ्रिकेतील एस्कॉम ही वीजकंपनी सोवेटोसारख्या वस्त्यांमध्ये बेकायदा जोडण्यांमुळे यंत्रणेवर ताण येतो म्हणून ऐन मागणीच्या वेळी संपूर्ण भागाची वीज बंद करत आली. तेथेही पैसे भरणारे आणि न भरणारे एकाच अंधारात. त्यावर एस्कॉमने शोधलेला उपायही स्मार्ट मीटरच.

८/ भारतात २०२१ मध्ये केंद्राने सुमारे ३ लाख कोटी रुपयांची वितरण सुधारणा योजना मंजूर केली. २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर हे तिचे उद्दिष्ट. महाराष्ट्रात विरोध झाला आणि सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले. त्यानंतर ‘टीओडी’ मीटर आले. यात वापराची वेळ नोंदली जाते, बिल मात्र महिनाअखेरीसच येते.

९/ विरोधामागील भीती निराधार नाही. प्रत्येक घर दिसू लागले की वस्तीची सामूहिक शिक्षा संपवता येते. पण एकट्या घराची वीज दुरून, कोणी दारात न येता, तोडणेही शक्य होते. पूर्वी वीज तोडायला लाइनमन येई. त्याच्याशी दोन शब्द बोलता येत, मुदत मागता येई. मीटरकडे मुदत मागता येत नाही. म्हणून नोटीस, तक्रार आणि सुनावणीचे नियम तंत्रज्ञानाइतकेच भक्कम असावे लागतात.

१०/ फीडरवर ठरणारा न्याय आता घराच्या उंबरठ्यावर ठरणार आहे. घरातील वडीलधाऱ्यांना भारनियमनाच्या दिवसांविषयी अवश्य विचारा. आपल्या भागात वीज कधी आली आणि किती तास जात असे, ते खाली लिहा. हा इतिहास अजून ज्यांच्या स्मरणात आहे, ते आपल्याच घरात आहेत.