प्रथम यादी, मग हिशेब

कर्जतच्या वाटेवर वांगणी आणि नेरळ यांच्यामध्ये शेलू हे लहानसे स्थानक लागते. तेथे गाडीची वाट पाहणाऱ्या दोघा भावांनी खिडकीच्या जागेसाठी नाणे दोनदा उडवावयाचे ठरविले, अशी कल्पना करावी. एकदा तरी छापा पडला तर जागा थोरल्याची, एरवी धाकट्याची. थोरला म्हणेल, "पहिल्या वेळी छापा, दुसऱ्या वेळी छापा, किंवा मुळीच नाही, असे तीनच प्रकार, त्यांतले दोन माझे."

हीच चूक दालांबेर या थोर फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात केली. पहिल्याच फेकीस छापा पडला की खेळ संपला, म्हणून त्यापुढची फेक त्याने हिशेबात धरलीच नाही. वस्तुतः छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा अशा चार सारख्याच शक्यता आहेत, आणि त्यांपैकी तीन थोरल्याच्या आहेत.

अशी यादी एकही प्रकार न गाळता मांडण्याची विद्या आपल्या छंदःशास्त्रात जुनी आहे. पिंगलाच्या परंपरेत तिला प्रस्तार म्हणतात. य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण म्हणजे तीन अक्षरांच्या लघुगुरूंची संपूर्ण यादीच होय. गुरूच्या जागी छापा व लघूच्या जागी काटा ठेवला की तीन फेकींची यादी सिद्ध होते. नेमके दोन गुरू य, त व र या तीनच गणांत आहेत. म्हणून नेमके दोन छापे पडण्याची संभाव्यता आठांत तीन. आजची पाठ्यपुस्तके या यादीस 'नमुना अवकाश' आणि तीतून निवडलेल्या गटास 'घटना' म्हणतात.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त गायत्रीच्या सहा अक्षरी चरणाचे ६४ प्रकार मोजले आहेत. त्यांत तीन गुरू असलेले २० भरतात. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. मात्र भास्कराचार्यांनी मोजले ते प्रकार, संभाव्यता नव्हे. कवी काही नाणे उडवून अक्षरे निवडीत नाही! संभाव्यतेसाठी यादी पूर्ण असून भागत नाही. तीतील प्रत्येक शक्यता समान वजनाचीही असावी लागते. त्या विचारास व्यवस्थित रूप आले ते पास्कल व फर्मा यांच्या १६५४ सालच्या पत्रव्यवहारात.

शेलूच्या धाकट्या भावाने होकार देण्यापूर्वी चार ओळी कागदावर मांडाव्यात. मग न्यायासाठी दोन नव्हे, एकच फेक पुरे, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.