निअँडरथल फक्त मांस खायचे म्हणून संपले का? त्यांच्या आणि आपल्या पूर्वजांच्या ताटाची गोष्ट

सोशल मीडियावर व्हेज-नॉनव्हेजचा वाद पेटला की निअँडरथल हमखास मध्ये येतात. एक जण म्हणतो, फक्त मांस खात राहिले म्हणून ते संपले. दुसरा म्हणतो, त्यांच्यासारखं मांस खा, तब्येत दणकट होईल. दोघांनी गृहीत धरलेली गोष्ट मात्र एकच आहे, ती म्हणजे निअँडरथल फक्त मांस खायचे.

पण हे खरं आहे का? आणि आपले पूर्वज युरोपात पोहोचल्यावर दोघांमध्ये अन्नावरून स्पर्धा झाली का? एकेक करून बघूया.

आधी, हे निअँडरथल कोण?

१८५६ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळच्या निअँडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीत काही हाडं सापडली. त्या खोऱ्यावरून या मानवाला निअँडरथल हे नाव पडलं. बुटकी पण भक्कम बांधणी, रुंद छाती, मोठं नाक आणि आपल्याइतकाच मोठा मेंदू, अशी ही माणसं युरोप आणि पश्चिम आशियात लाखो वर्षं राहिली. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी ती नाहीशी झाली.

याच काळात आपले पूर्वज, म्हणजे होमो सेपियन्स, युरोपात पसरत होते. २०१४ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार युरोपात दोघांचा काळ २,६०० ते ५,४०० वर्षं एकमेकांवर आलेला होता. म्हणजे शेजार बराच लांबला होता.

इतक्या जुन्या माणसाने काय खाल्लं, हे कळतं कसं?

यासाठी मुख्यतः तीन पुरावे वापरले जातात.

पहिला पुरावा गुहेतल्या उष्ट्याचा. प्राण्यांच्या हाडांवर दगडी हत्यारांच्या खुणा असतात, मज्जेसाठी नळ्या फोडलेल्या असतात.

दुसरा, माणसाच्या स्वतःच्या हाडातलं कोलॅजन. त्यात नायट्रोजन-१५ नावाचा आयसोटोप असतो. गवतापेक्षा गवत खाणाऱ्या प्राण्यात त्याचं प्रमाण जास्त आणि त्या प्राण्याला खाणाऱ्यात त्याहून जास्त.

तिसरा, दातांवरचं किटण. हो, दातांचा डॉक्टर जे खरवडून काढतो तेच. ते दगडासारखं कडक होतं आणि त्यात अन्नाचे कण व डीएनए हजारो वर्षं अडकून राहतात.

मग निकाल काय? मांसाहारीच ना?

हाडांना विचारलं तर उत्तर 'हो' असं येतं. क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या निअँडरथल हाडांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांचं नायट्रोजन लांडग्यासारख्या शिकारी प्राण्यांच्या पातळीवर होतं.

शिकारही साधीसुधी नव्हती. जर्मनीतल्या नॉयमार्क-नॉर्ड इथे सुमारे १ लाख २५ हजार वर्षांपूर्वी निअँडरथलांनी ७० हून अधिक महाकाय हत्ती कापल्याचे पुरावे आहेत. त्याच परिसरात त्यांनी किमान १७२ मोठ्या प्राण्यांची हाडं फोडून, उकळून चरबी काढली असावी, असं २०२५ च्या अभ्यासात मांडलं गेलं.

पण इथे एक मेख आहे. नायट्रोजनची ही पद्धत प्रोटीन कुठून आलं ते सांगते. प्रोटीन कमी असलेले कंद, फळं, बिया तिच्या नजरेतून निसटतात. शिवाय माणसाचं यकृत ठराविक मर्यादेपलीकडे प्रोटीन पचवू शकत नाही. नुसत्या चरबीविना मांसावर राहिलेला माणूस आजारी पडतो. म्हणूनच चरबीसाठी एवढा आटापिटा.

२०२५ मध्येच काही संशोधकांनी आणखी एक शक्यता मांडली. साठवलेल्या मांसात पडणाऱ्या अळ्यांमध्ये नायट्रोजन-१५ खूप जास्त असतं. निअँडरथल मांसासोबत या अळ्याही खात असतील, तर त्यांच्या हाडातला आकडा वर जाण्याचं ते एक कारण असू शकतं.

दात मात्र वेगळंच सांगतात

इराकमधल्या शानिदार आणि बेल्जियममधल्या स्पी गुहेतल्या निअँडरथलांच्या किटणात वनस्पतींचा स्टार्च सापडला आणि त्यातले काही कण शिजवलेले होते. स्पेनमधल्या एल सिद्रोन गुहेतल्या किटणाच्या डीएनएत भूछत्र, चिलगोझ्यासारख्या पाइनच्या बिया आणि शेवाळ आढळलं. तेव्हाच स्पीच्या माणसाच्या दातांत लोकरी गेंडा आणि रानमेंढी निघाली.

शानिदारमध्ये तर सुमारे ७० हजार वर्षांपूर्वीचे जळालेले अन्नाचे तुकडे मिळाले. त्यात रानटी कडधान्यं होती, ती भिजवून आणि कुटून वापरलेली. कडधान्याचा कडवटपणा भिजवून कमी करायचा, ही युक्ती एवढी जुनी आहे.

पोर्तुगालच्या किनाऱ्यावर फिगेइरा ब्रावा गुहेत सुमारे ९० हजार वर्षांपूर्वी निअँडरथल निखाऱ्यावर मोठे खेकडे भाजून खात होते. थोडक्यात, थंड गवताळ प्रदेशात मांस, जंगलात बिया आणि भूछत्र, समुद्राकाठी खेकडे. जे जिथे मिळालं ते तिथे खाल्लं.

मग स्पर्धा झाली का?

बेल्जियममधल्या गोये गुहांमध्ये निअँडरथल आणि त्यांच्यानंतर तिथे आलेले आधुनिक मानव, दोघांची हाडं मिळाली आहेत. २०१९ च्या अभ्यासात दोघांचा आहार जवळपास सारखाच निघाला आणि दोघांचाही भर मॅमथसारख्या मोठ्या प्राण्यांवर होता. म्हणजे ताट एकच होतं.

आपल्या पूर्वजांनी मासे आणि लहान प्राणी खाल्ले म्हणून ते टिकले, असं पूर्वी सांगितलं जायचं. निअँडरथलांना ससे पकडणं जमलं नाही, असंही मांडलं गेलं. पण दक्षिण फ्रान्समध्ये आपले पूर्वज पोहोचण्याच्या फार आधीपासून ससे खाल्ल्याचे पुरावे मिळाले आणि ही मांडणी डळमळीत झाली. कुत्र्यांच्या मदतीने आपण शिकारीत पुढे गेलो, हा पॅट शिपमन यांचा सिद्धांतही वादात आहे, कारण इतक्या जुन्या काळात कुत्रा पाळीव झाला होता का, यावरच एकमत नाही.

मग हरले कशात?

बहुधा संख्येत. निअँडरथलांचे गट लहान आणि विखुरलेले होते. सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेतल्या एका निअँडरथल स्त्रीच्या जनुकांवरून कळलं की तिचे आई-वडील सावत्र भावंडांइतके जवळचे नातेवाईक होते.

अशा वेळी थोडासा फरकही पुरतो. १९८९ साली एझ्रा झुब्रो यांनी गणित मांडलं होतं. दोन्ही समूह एकमेकांच्या स्पर्धेत असतील आणि निअँडरथलांचा मृत्युदर फक्त २ टक्क्यांनी जास्त असेल, तर सुमारे ३० पिढ्यांत, म्हणजे साधारण १ हजार वर्षांत ते संपतील. त्यासाठी लढाई व्हायला लागत नाही. एखाद्या खोऱ्यातले रेनडिअर शेजाऱ्यांनी आधी मारले, त्या हिवाळ्यात दोन मुलं कमी जगली, एवढं पुरे. त्यात हवामानही वेगाने बदलत होतं आणि निअँडरथलांच्या जड शरीराला भूक जास्त होती.

त्यामुळे 'त्यांनी चुकीचं खाल्लं' असं म्हणता येत नाही. त्यांनी तेच खाल्लं जे आपल्या पूर्वजांनी खाल्लं, फक्त खाणारी तोंडं वाढली आणि त्यांची माणसं कमी होती.

आणि ते पूर्ण संपले असंही नाही. आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या डीएनएत, म्हणजे आपल्याही, साधारण १ ते २ टक्के वाटा निअँडरथलांचा आहे. तेव्हा पुढच्या वेळी कमेंटमध्ये कुणी त्यांच्या आहाराला नावं ठेवली, तर सांगा, भावा, पणजोबांच्या जेवणावर बोलतोयस.